लेकीने जीवशास्त्र सोडायचे ठरवले तेव्हा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री जेवताना माझ्या मुलीने सांगितले की, अकरावीत घेतलेले जीवशास्त्र सोडून तिला अर्थशास्त्र घ्यायचे आहे. मी गेली एकोणीस वर्षे नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हे वाक्य मी केवळ आई म्हणून ऐकू शकले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. काही क्षण मला वाटले की माझ्या आयुष्यातले काहीतरी ती परत करते आहे. त्यानंतरचा जवळजवळ एक महिना आमच्या घरात या एकाच गोष्टीचा विचार चालू होता, आणि तो विचार कसा झाला हे लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण दर वर्षी जून-जुलैमध्ये असे प्रश्न घेऊन पालक माझ्याकडेही येतात आणि इतकी वर्षे मी त्यांना जी उत्तरे देत आले, ती मला या महिन्यात अपुरी वाटली.

मुलगी केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसईच्या) शाळेत आहे. दहावीनंतर तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेतले होते. तिच्या शाळेत वेळापत्रकात जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच तासाला समोरासमोर ठेवलेले आहेत, म्हणजे एक सोडल्याशिवाय दुसरे घेता येत नाही. अकरावीच्या विद्यार्थ्यांची मंडळाकडे नोंदणी होण्यापूर्वी असा बदल शाळेच्या पातळीवर होऊ शकतो. बारावीत गेल्यावर मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम एकसंध धरला जात असल्यामुळे तो फार अवघड होऊन बसतो. शाळेने आम्हाला जुलैअखेरपर्यंत मुदत दिली.

घरातील पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच होती. माझ्या सासूबाईंच्या मनात नात डॉक्टर व्हावी ही इच्छा फार वर्षांपासून आहे, आणि त्या इच्छेमागे त्यांनी स्वतः सोसलेले आजारपण आणि गावात वेळेवर न मिळालेले उपचार आहेत, म्हणून मी त्या इच्छेला कधी हलके लेखत नाही. मुलीच्या वडिलांना भरलेल्या शुल्काची चिंता वाटली. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीची दोन वर्षांची फी आम्ही मेमध्येच भरली होती आणि शिकवणीवाल्यांनी ती परत मिळणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी जीवशास्त्र ठेवलं तरी ते पैसे परत येणार नाहीत." ते खरे होते, आणि त्यानंतर घरात पैशाचा विषय निघाला नाही.

माझी शंका वेगळी होती. ती जीवशास्त्राला कंटाळली आहे की त्या परीक्षेच्या तयारीला, हे मला कळत नव्हते. या दोन गोष्टी आज इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की सोळा वर्षांच्या मुलीला त्या वेगळ्या करता येतील अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. नीटमध्ये, म्हणजे त्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली, आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. अशा चढाओढीत शिकवणीवर्गांनी विषयाचे काय केले आहे, ते मी रोज पाहते. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक ओळ, तळटीप आणि आकृतीखालचा मजकूर हा संभाव्य प्रश्न म्हणून पाठ केला जातो. माझ्या वर्गातील हुशार मुले मला 'हे पुस्तकात कोणत्या ओळीत आहे' असे विचारतात, आणि पानाच्या मागच्या बाजूला पर्णरंध्रे जास्त का असावीत, असा प्रश्न मी विचारला की त्यांना वेळ वाया जात असल्यासारखे वाटते. मुलीच्या वहीतही मला तेच दिसत होते. झुरळाच्या शरीररचनेवरचे दीडशे बहुपर्यायी प्रश्न तिने सोडवले होते, पण त्या दोन महिन्यांत एकही जिवंत किंवा मृत कीटक तिने भिंगाखाली पाहिलेला नव्हता. जीवशास्त्र म्हणून तिला जे मिळाले ते हे असेल, तर तिने ते सोडावे याचे मला नवल वाटत नव्हते. दुःख मात्र वाटत होते, आणि अजूनही वाटते.

म्हणून मी तिला एक विनंती केली. तीन आठवडे आपण दोन्ही विषय त्यांच्या खऱ्या रूपात पाहू आणि मग ठरवू. शिकवणीला त्या काळात सुट्टी. जीवशास्त्र मी दाखवेन. अर्थशास्त्राचे अकरावीचे पुस्तक ती आणेल, परंतु त्यातील आवडीचे प्रकरण न निवडता संख्याशास्त्राच्या भागापासून सुरुवात करेल. ही अट मी मुद्दाम घातली होती. अर्थशास्त्राकडे ओढली जाणारी बरीच मुले वर्तमानपत्रातील मथळ्यांमुळे ओढली जातात. अर्थसंकल्प, शेअर बाजार, महागाई यांवर बोलायला त्यांना आवडते आणि तो विषय म्हणजे अशा चर्चाच असतील असे त्यांना वाटते. केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या अभ्यासक्रमात लेखी परीक्षेच्या ८० गुणांपैकी ४० गुण संख्याशास्त्राला आहेत. सामग्रीचे संकलन, वर्गीकरण, सरासरी, मध्यक, सहसंबंध, निर्देशांक असा तो भाग आहे. उरलेले ४० गुण सूक्ष्म अर्थशास्त्राला आणि २० गुण प्रकल्पाला असतात. ज्याला हा कोरडा वाटणारा अर्धा भाग सोसत नाही, त्याला पुढे पदवीचे अर्थशास्त्र सोसणार नाही, असे माझ्या अर्थशास्त्राच्या सहकारी बाईंनी मला सांगितले होते आणि ते मला पटले.

पहिल्या शनिवारी मी तिला आमच्या प्रयोगशाळेत नेले. आदल्या आठवड्यात मी पाण्याने भरलेल्या पेल्यांवर कांदे ठेवून त्यांना मुळे फुटू दिली होती. मुळांची टोके सकाळी कापून स्थिर करून ठेवली, मग ती आम्लात मऊ केली, ॲसिटोकार्मिनने रंगवली आणि काचपट्टीवर अंगठ्याने हलकेच दाबून पसरवली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात आणि ती चांगली मोठी असतात, म्हणूनच जगभरातील शाळांत पेशीविभाजन दाखवायला कांद्याचे मूळ वापरतात. तिने सूक्ष्मदर्शीत डोळा लावला आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावे तिला केव्हाच पाठ होती. पण मध्यावस्थेत गुणसूत्रे खरोखर एका रांगेत येऊन उभी राहतात, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले. नंतर तिने आपण होऊन एका दृष्टिक्षेत्रातील दोनशे पेशी मोजल्या आणि त्यांपैकी किती विभाजित होत आहेत याचे प्रमाण काढले. मी तिला असे करायला सांगितलेले नव्हते. मला त्या दिवशी आशा वाटली, हे मी लपवत नाही.

घरी येताना ती म्हणाली की हे फार सुंदर आहे. आणि लगेच तिने विचारले की मामाचा कांदा यंदा अजून साठवणीच्या चाळीतच आहे का.

माझे माहेर निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजारापासून थोड्या अंतरावर आहे. भाऊ कांदा लावतो. मुलीच्या बहुतेक सुट्ट्या तिथेच गेल्या आहेत, त्यामुळे लिलावासाठी रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर आणि व्यापाऱ्यांनी पुकारलेले भाव तिने लहानपणापासून ऐकलेले आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा ती नववीत होती. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलेच होते. नाताळच्या सुट्टीत ती मामाकडे गेली, आणि लाल कांदा टिकत नाही म्हणून पडलेल्या भावातही तो विकावाच लागतो, हे तिने तिथे पाहिले. बंदी पुढे ४ मे २०२४ रोजी उठली, ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शेवटचे २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. या तारखा तिला तोंडपाठ आहेत. कोणी पाठ करायला सांगितल्या म्हणून त्या तिच्या लक्षात राहिलेल्या नाहीत. त्या नाताळात तिने मला विचारले होते, "शहरात कांदा स्वस्त व्हावा म्हणून मामाने किती दिले, हे कोणी मोजतं का?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले आणि विसरून गेले. तिच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नव्हता, हे मला या जुलैमध्ये कळले.

दुसऱ्या आठवड्यात ती मामाकडून विक्रीच्या हिशोबपट्ट्या घेऊन आली. बाजार समितीत माल विकल्यावर वजन, दर, हमाली-तोलाई आणि हाती पडलेली रक्कम लिहिलेला जो कागद मिळतो, तो भाऊ एका जुन्या पिशवीत जपून ठेवतो. दोन हंगामांच्या ४१ पट्ट्या होत्या. तिने त्या तारखेप्रमाणे लावल्या, वहीत तक्ता केला आणि सगळ्या दरांची सरासरी काढली. मग तिने एकूण रकमेला एकूण वजनाने भागले आणि दोन्ही आकडे जुळेनात. हाती आलेला दर सरासरीपेक्षा बराच कमी होता. तिला वाटले की बेरीज चुकली. तिने तीन वेळा पुन्हा केली. रात्री साडेदहाच्या सुमारास ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली की चूक बेरजेत नाही, सरासरीत आहे.

तिने जे सांगितले ते सोप्या आकड्यांत असे. एका दिवशी ५ क्विंटल कांदा २,४०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी २० क्विंटल १,२०० रुपयांनी गेला, तर दोन दरांची सरासरी १,८०० रुपये येते. पण शेतकऱ्याच्या हाती क्विंटलमागे १,४४० रुपयेच पडतात. मामाने मोठा माल नेमका स्वस्ताईच्या दिवसांत विकला होता. याचे कारण तिला माहीत होते. काढणीच्या काळात सगळ्यांचाच माल एकदम येतो, मजुरी आणि उसनवारी त्याच वेळी भागवायची असते, आणि कांद्यासारख्या वस्तूची मागणी भाव पडला म्हणून फारशी वाढत नाही, कारण स्वस्त झाला म्हणून कोणी रोज दुप्पट कांदा खात नाही. त्यामुळे आवक थोडी वाढली तरी दर मोठा कोसळतो. वर्तमानपत्रातील 'सरासरी दर' वाचून शेतकऱ्याला बरा भाव मिळाला असे शहरातल्या माणसाला वाटते, ते त्यामुळेच चुकीचे ठरू शकते, असे ती म्हणाली. भारित सरासरीचा, म्हणजे प्रत्येक दराला त्याच्या मालाचे वजन देऊन काढलेल्या सरासरीचा, भाग तिच्या पुस्तकात पुढे होता आणि मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, तर दुसऱ्याच विभागात होती. तिने दोन्हींपर्यंत पोचण्याआधी त्यांची गरज शोधून काढली होती.

मी शिक्षिका आहे, आणि या क्षणाचा अर्थ मला कळतो. विद्यार्थ्याला उत्तर येणे वेगळे आणि आकडे जुळत नाहीत म्हणून झोप न येणे वेगळे. कांद्याच्या मुळातील पेशी तिने आनंदाने पाहिल्या, काळजीपूर्वक मोजल्या, आणि मोजून झाल्यावर वही मिटली. त्या प्रमाणातून पुढे कोणताही प्रश्न तिला पडला नाही. पट्ट्यांच्या वहीत मात्र दर दोन पानांनंतर समासात नवा प्रश्न लिहिलेला होता. माझ्या मनातला निर्णय त्या रात्री झाला, तरीही मी लगेच तसे बोलले नाही, कारण काही व्यावहारिक गोष्टी तपासायच्या राहिल्या होत्या आणि एका चांगल्या रात्रीच्या भरवशावर मुलांचे विषय बदलू नयेत असे माझे मत आहे.

तपासायची पहिली गोष्ट म्हणजे कोणती दारे बंद होतात. जीवशास्त्र सोडल्यास एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, पशुवैद्यक, परिचर्येची पदवी हे सर्व रस्ते थेट बंद होतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटला बसण्याची मुभा दिली आहे. तरी तो वळसा लांबचा आहे आणि त्याच्या भरवशावर आज निर्णय घेणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे, असे मी तिला सांगितले. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला जीवशास्त्राऐवजी गणितही चालते. मला स्वतःला ज्या गोष्टीने सर्वांत अधिक दिलासा दिला, ती म्हणजे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विज्ञानाच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, जीवशास्त्र नाही. पुढे तिथे जीवशास्त्र हा मुख्य विषय घेता येतो. म्हणजे संशोधनाच्या दृष्टीने पाहिले तर ती जीवशास्त्राच्या जगातून हद्दपार होत नव्हती.

दुसरी बाजू गणिताची होती, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण पालक या ठिकाणी वारंवार चुकतात. आमच्या राज्य मंडळाच्या महाविद्यालयात दर वर्षी कितीतरी मुले डॉक्टर व्हायचे म्हणून गणित सोडतात. दोन वर्षांनी वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही की त्यांतली काही अर्थशास्त्राकडे वळू पाहतात, आणि तेव्हा त्यांना कळते की दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीचे गणित सक्तीचे आहे, आयआयटी मुंबईतील अर्थशास्त्राच्या पदवीचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्ड या गणित असलेल्या परीक्षेतून मिळतो, आणि जिथे गणिताची अट नाही तिथेही दुसऱ्या वर्षापासून कलनाशिवाय (कॅल्क्युलसशिवाय) पान हलत नाही. जीवशास्त्र की अर्थशास्त्र या वादात घरे महिनाभर अडकतात, पण ज्या विषयाने पुढची सर्वाधिक दारे उघडी राहतात तो गणित आठवड्याभरात, कधी कधी एका सहीत, सोडून दिला जातो. माझ्या मुलीच्या बाबतीत गणित कायम राहणार होते. ते राहणार नसते तर मी या बदलाला इतक्या सहज संमती दिली नसती.

सासूबाईंशी बोलणे मी शेवटी ठेवले होते, पण ते बोलणे मुलीनेच केले. काय बोलली ते मला दोघींनीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला एवढेच विचारले की हे शिकून ती सरकारी दवाखान्यात औषधे का नसतात ते शोधू शकेल का. मी म्हटले, हो, शोधू शकेल. आरोग्याचे अर्थशास्त्र हा त्या विषयाचा मोठा भाग आहे. त्यांनी मान हलवली. त्यांची इच्छा मोडली गेली, असे मला वाटत नाही. तिचे रूप थोडे बदलले असावे.

माझ्या स्वतःच्या मनाची समजूत मात्र मला वेगळ्या वाटेने घालावी लागली. आमच्याच महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ झाला, ज्यांनी १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालकपद सांभाळले आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांना साथ दिली. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनी पुण्यात जीवशास्त्र घेतले, हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्रात संशोधन केले आणि पुढे पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा तो अहवाल दिला, ज्यावर अजून वाद चालू आहे. अर्थशास्त्रज्ञ वडिलांचा मुलगा जीवशास्त्राकडे गेला. आमच्या घरात प्रवास उलटा होतो आहे. मी वर्गात दर वर्षी सांगते की १८३८ मध्ये डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरचा, १७९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला निबंध वाचला आणि जगण्यासाठीच्या झगड्याची कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. एका अर्थशास्त्रज्ञाने अन्न आणि माणसे यांचा मांडलेला हिशोब जीवशास्त्राच्या सर्वांत मोठ्या सिद्धांताला उपयोगी पडला, हे एकोणीस वर्षे शिकवूनही माझ्या घरात तो रस्ता उघडा असू शकतो, असे मला सुचले नव्हते.

३० जुलैला आम्ही शाळेत जाऊन अर्ज दिला. वर्गशिक्षिकेने मागचे तीन महिने भरून काढावे लागतील असे बजावले, आणि ते योग्यच होते. सूक्ष्म अर्थशास्त्राची पहिली प्रकरणे तिला आता रात्री बसून करावी लागत आहेत आणि पहिल्या चाचणीत तिला कमी गुण पडतील हे ती जाणून आहे. जीवशास्त्राची प्रात्यक्षिक वही तिने मला दिली. त्यात कांद्याच्या पेशींच्या चार आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या आहेत, आणि त्या माझ्या वर्गातील बहुतेक मुलांपेक्षा चांगल्या आहेत.

प्रकल्पासाठी तिने विषय ठरवला आहे: उन्हाळ कांदा चाळीत ठेवून दिवाळीपर्यंत थांबणे मामाला परवडते का. भाव वाढला तरी त्या चार-पाच महिन्यांत कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात, आणि वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. ही घट धरल्याशिवाय तिचे गणित पुरे होत नाही, आणि ती कशामुळे होते, कोणत्या आठवड्यापासून वाढते, कोणता कांदा आधी कोंब धरतो, हे तिला माझ्याकडून हवे आहे. या रविवारी आम्ही दोघी वजनकाटा घेऊन निफाडला जाणार आहोत. भावाने चाळीचा एक कप्पा आमच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे.